जुनी सीजे-३बी पेट्रोल जीप: इंजिन ठेवावं की डिझेल टाकावं?

माळरान

मंडळी, सोलापूरला होटगी रोडच्या आमच्या वस्तीवर महिंद्राची सीजे-३बी आणून लावली आहे. नोंदणी १९६८ ची, पेट्रोल इंजिन मूळचंच. आधी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडे होती, मग लिलावात एका बागायतदाराने घेतली, त्यांच्याकडून माझ्याकडे आली. कित्येक वर्षं गोठ्याच्या पडवीत उभी होती. बॅटरी नाही, वायरिंग उंदरांनी खाल्लंय, हूडच्या फक्त कांबी उरल्यात. पण पुढून हँडल लावलं की इंजिन फिरतं, आणि चासीवरचा नंबर कागदाशी जुळतो. या दोन गोष्टी असल्या की गाडी जिवंत आहे असं मी मानतो.

बाकीची अवस्था अशी: ब्रेक अजिबात नाहीत. स्टिअरिंगला पाव फेरा मोकळा. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, मागच्या तळाची चाळण झालीय. पाटे (लीफ स्प्रिंग) सपाट झालेत. गिअरबॉक्सखाली तेल-मातीचा थर इतका जाड की नटसुद्धा दिसत नाहीत.

दोन फिटर बघून गेले. दोघांचं एकच म्हणणं, हे इंजिन काढा, डिझेल टाका, पार्टही मिळतील आणि ॲव्हरेजही. मला ते पटत नाहीये. गाडी प्रदर्शनात मांडायची नाही. शेतावर, गावात, कधी नळदुर्गापर्यंत चालवायची आहे, पण ती सीजे-३बी राहूनच. कामाचा क्रम काय धरू? आणि इंजिनाबद्दल ज्यांना खरोखर अनुभव आहे त्यांनी दोन्ही बाजूंनी बोलावं.

स्टेपनी

अभिनंदन! इंजिनाबद्दल एकच सांगतो, मग तुम्ही ठरवा. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ साली ३बी काढली ती मुळात या इंजिनासाठीच. आधीच्या ३ए मध्ये 'गो डेव्हिल' होतं, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, ६० हॉर्सपॉवर. नव्या 'हरिकेन'मध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवले. ताकद ७० च्या वर गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट उचललं. ज्या उंच नाकावरून ही गाडी लांबून ओळखू येते, ते नाक या इंजिनामुळे आहे. अमेरिकेत ती १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. इंजिन काढलंत तर उरेल ते फक्त बाहेरचं रूप.

डिझेल_बार्शी

मी विरुद्ध बाजू मांडतो, राग मानू नका. माझी महिंद्राची एमएम ५४० आहे, २११२ सीसीचं प्यूजो डिझेल. रोज शेतात जाते, ट्रॉली ओढते, डिझेल मोजून पिते. पेट्रोल जीप घेतलेले माझ्या ओळखीतले बहुतेक जण पहिल्या वर्षातच थकले. कार्बोरेटर साफ करा, पॉइंट घासा, उन्हाळ्यात बंद पडली की ओला फडका टाकून थांबा. वर पेट्रोलचा भाव बघा. हौस म्हणून रविवारी काढणार असाल तर ठेवा पेट्रोल. पण तुम्ही म्हणताय शेतावर वापरायची. कामाच्या गाडीला कामाचं इंजिन हवं.

कालवा_काका

मी पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होतो. उजनीच्या कालव्यांवर साहेबांना घेऊन पेट्रोल जीप चालवल्यात, नंतर डिझेलही. दोन्हीचा हात आहे म्हणून लिहितो.

बार्शीकर, तुमचं ओढण्याचं खरं आहे. पण हे पेट्रोल इंजिनही ओढतं बरं का. स्ट्रोक (पिस्टनची धाव) लांब आहे, १११ मिलिमीटर, आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० च्या आत. त्यामुळे जोर खालच्या आरपीएमला येतो. काळ्या मातीत, कालव्याच्या भरावावर, पहिल्या पावसानंतर चिकटा होतो तिथे स्पेशल गिअर (फोर-व्हीलचा लो) टाकून इंजिन मुंगीच्या चालीने चालायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ काढलेला. जुनं डिझेल तिथे खडखडतं, हे शांत राहतं. आणि वजन! पुढे जड डिझेल बसवलं की चिखलात नाक आधी रुततं.

माळरान, तुम्हाला एक सांगतो बाळा, ही गाडी पळवायची नाही. डिफरन्शिअल ५.३८ चा आहे, म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे तेव्हा चाकाचा एक. ६.०० – १६ च्या टायरवर ६० च्या वेगाला इंजिन अडीच हजाराच्या आसपास फिरतं, ८० ला सव्वातीन हजार. एवढ्या लांब स्ट्रोकला ते सोसत नाही, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जातात. सोलापूर–पुणे हायवेवर लोक हॉर्न मारतील, मारू द्या. ५५-६० ला चालवा, तुमच्या नातवापर्यंत इंजिन टिकेल.

स्पेशल गिअरबद्दल: दोन दांडे असतात. आधी पुढचं चाक जोडायचं, मगच लो लागतो. उलट जमत नाही, तशी आतच अडकवण केलेली आहे. लो टाकताना गाडी उभी हवी. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ठेवून वळायचं नाही. मध्ये डिफरन्शिअल नाही, पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा पीळ शाफ्टच्या सांध्यांवर (क्रॉसवर) आणि गिअरवर येतो. नवीन मुलं हे विसरतात आणि मग 'गाडी ओढून धरते' म्हणतात.

लेथ_एमआयडीसी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे, क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंग करतो. इंजिनाचा निकाल गप्पांवर लावू नका, मोजून लावा.

पहिलं काम, स्टार्ट करायची घाई नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक रात्र ठेवा, मग हँडलने फिरवा. ऑइल पॅन काढून गाळ बघा. तळाला चमकणारा चुरा सापडला तर बेअरिंग गेलंय. नुसता काळा चिखल असेल तर ते वय. मग नवीन ऑइल भरून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या, चारही सिलिंडरचं, प्लग सगळे काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. या इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो ७ च्या आसपासचं आहे, त्यामुळे आजच्या गाडीसारखे १७०-१८० आकडे येणार नाहीत. ११०-१२० पीएसआय आले तरी खूश व्हा. आकडा किती यापेक्षा चारही जवळजवळ आहेत का हे बघा.

जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग-बोअर. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

एक स्थानिक गोष्ट. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यांतल्या चिंध्या किलोवर मिळतात, सगळी गॅरेजं त्याच वापरतात. बाहेरून पुसायला उत्तम. पण इंजिनाच्या आत टॉवेलचं कापड नेऊ नका. त्याचे धागे सुटतात आणि ऑइलच्या वाटेत, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. आत पुसायला सपाट विणीचं, धुतलेलं सुती कापडच घ्या.

माळरान

काका, लेथवाले, मनापासून आभार. सांगितलं तसंच केलं. पॅनमध्ये चुरा नाही, काळा चिकट गाळ भरपूर. कॉम्प्रेशन असं आलं: १ नंबर ११०, २ नंबर १०५, ३ नंबर ७०, ४ नंबर ११०. तिसऱ्यात ऑइल टाकून पुन्हा घेतलं, ७०–७२ च्या पुढे जात नाही.

लेथ_एमआयडीसी

म्हणजे रिंगा ठीक आहेत, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह बसत नाहीये. बहुधा एक्झॉस्ट. लगेच हेड उतरवू नका. आधी टॅपेटचं अंतर बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणाऱ्या भागातली फट. इनटेक वरून दिसतील, रॉकर कव्हर काढलं की झालं. एक्झॉस्टसाठी ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडावं लागतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली हात घालून. तिथे जागा कमी असल्यामुळे बहुतेक फिटर फक्त वरचे चार करतात आणि खालचे चार वर्षानुवर्षं तसेच राहतात. थंड इंजिनावर इनटेक १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट १६ थाऊ. तिसऱ्याचं अंतर शून्य झालं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, आणि तसाच चालवला तर जळतो.

यामागे एक कारण आहे. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. शिसं व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये उशीसारखं काम करायचं. आपल्याकडे २००० साली शिसं पूर्ण गेलं. तेव्हापासून मऊ सीट असेल तर ती हळूहळू खचते आणि अंतर कमी होत जातं. म्हणून या इंजिनात खालचे टॅपेट नेमाने तपासायचे.

स्टेपनी

आणि समजा हेड उतरवायची वेळ आलीच, तर एक बोल्ट लपलेला आहे हे लक्षात ठेवा. कार्बोरेटर जिथे बसतो, त्याच्या खाली, हवेच्या वाटेतच हेडचा एक बोल्ट आहे. कार्बोरेटर काढल्याशिवाय तो दिसतच नाही. 'सगळे बोल्ट काढले तरी हेड सुटत नाही' म्हणून पहार घालून हेड उचकटलेली इंजिनं मी बघितली आहेत. ब्लॉकच्या कडेला खाच पडते, मग कुठलंही गॅस्केट टिकत नाही.

बसवतानाही तो विसरायचा नाही. सगळे आवळायचे, मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने.

माळरान

तिसऱ्याच्या एक्झॉस्टला अंतर नव्हतंच, पातळ गेजसुद्धा जाईना. १६ थाऊ ठेवून, थोडा वेळ हँडलने फिरवून पुन्हा मोजलं, ९५ आलं. हेड उघडत नाही, इंजिन राहणार. बार्शीकर, निर्णय झाला, पण तुम्ही इथून जाऊ नका. उन्हाळ्याबद्दल तुम्ही म्हणालात त्यात तथ्य आहे आणि त्यावर मला उत्तर हवंय.

खारा_वारा

रत्नागिरीहून. इंजिनाची मंडळी बोलतायत, मी पत्र्याचं बोलतो. तुम्ही सोलापूरकर नशीबवान. आमच्याकडे अशी गाडी इतकी वर्षं पडवीत राहिली असती तर नुसती पाटी हाती लागली असती. कोरड्या हवेत चासी शाबूत राहते. पण गाडी गोठ्यात होती म्हणताय. शेण-मुताच्या वाफेत लोखंड वाईट खातं, तेही खालून. चासीची आतली बाजू, पाट्यांच्या शॅकलचे हँगर आणि तळाच्या पत्र्याखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या, या तीन जागा छोट्या हातोडीने वाजवत जा. चांगलं लोखंड टणत्कार देतं, कुजलेलं बद्द वाजतं. हातोडी आत गेली तर बरंच झालं, आत्ता कळलं.

लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) कुठे भरलीय ते शोधायला लोहचुंबक फिरवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबी आहे. मी एका विक्रेत्याकडे 'पूर्ण रिस्टोर केलेली' जीप बघायला गेलो होतो. चकचकीत ऑलिव्ह हिरवी, फोटोत देखणी. चुंबक मागच्या पंखावर धरेना, पायाखालच्या तळाला धरेना, बाजूच्या पायरीला धरेना. जुन्या गंजावर जाळी चिकटवून लांबी ओढली होती आणि ब्रेकचे पाइप जसेच्या तसे गंजलेले. लोक रंगाला रिस्टोरेशन म्हणतात याचा मला मनस्वी त्रास होतो. त्या गाडीत कुणाचा तरी मुलगा बसणार असतो.

पत्रा कापून नवा लावताना १८ गेज घ्या. आख्खी बॉडी नवी मिळते, पंजाब-हरियाणाकडे मंडी डबवालीला तो धंदाच आहे. पण तुमचा पुढचा काऊल (विंडशील्डखालचा पत्रा), बॉनेट, ग्रिल चांगलं असेल तर ते सोडू नका. फक्त तळ बदला.

माळरान

वाजवून बघितलं. चासी उत्तम, फक्त मागच्या डाव्या हँगरजवळ एक जागा बद्द वाजली. तिथे कापून प्लेट वेल्ड करून घेतोय. काऊल, बॉनेट, ग्रिल, विंडशील्डची चौकट मूळचीच राहील. रंग सर्वात शेवटी. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग.

कालवा_काका

शाब्बास. ब्रेकचं सांगतो मग. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, तळाखाली आहे. ऑइल भरायला तळाला छोटी झाकणी असते. चिखलाचा पाय तिथेच पडतो, झाकणी उघडली की माती आत. म्हणून आधी ती जागा ब्रशने स्वच्छ करायची, मगच बूच उघडायचं. आम्ही हे शिक्षाच समजायचो, पण कधी ब्रेक गेला नाही.

ही एकाच सर्किटची व्यवस्था आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून पाइप सगळे नवे टाका, जुने वाकवून-पुसून वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळा संपला की बदला.

मागचा ड्रम काढताना हातोडा मारू नका. मागचा हब टेपरवर आणि चावीवर बसतो, पुलरशिवाय निघत नाही. ठोकलात तर ड्रम वाकतो आणि धक्का आतल्या बेअरिंगला जातो. हँडब्रेक मागच्या चाकांना नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर त्याचा छोटा ड्रम आहे. तिथलं ऑइल सील गळलं की लायनर तेलात भिजतो आणि मग हँडब्रेक कितीही ओढा, गाडी घाटात थांबत नाही. लायनर बदलायच्या आधी सील बदला.

लेथ_एमआयडीसी

काकांच्या म्हणण्यात भर. मास्टर सिलिंडरचा बोअर खड्डे पडलेला असेल तर आतून पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून मूळ मापाला आणता येतो. मूळ कास्टिंग वाचतं. होन करून (आतून घासून) माप वाढवू नका, रबर वॉशर सैल बसतो.

स्टिअरिंगचा पाव फेरा: बॉक्सचा स्क्रू आवळून तो घालवायचा मोह होईल. बॉक्स सरळ धावताना मध्यभागी जास्त झिजतो. मध्यभागाचा ढिलेपणा स्क्रूने काढला की वळवताना कडेला घट्ट होतो, चाक परत येत नाही. आधी चाकाकडून सुरुवात करा. व्हील बेअरिंग, किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) बेअरिंग, टाय रॉडचे बॉल, पाट्यांचे बुश. किंगपिनच्या खाली-वर पातळ शिम (चकत्या) असतात, एक-एक काढून बेअरिंगवर योग्य दाब आणायचा. हे झालं की बहुतेक ढिलेपणा जातो, बॉक्स शेवटी. चाळीसच्या वेगाला पुढची चाकं थरथरतात ही तक्रारही बहुतेक वेळा किंगपिनमधूनच येते, लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात.

जिप्सी_तेरा

माझ्याकडे १९८५ सालच्या पहिल्या पिढीतली जिप्सी आहे, ९७० सीसी. काटक गाडी, पण या जीपपुढे ती नवीनच म्हणायची! एक सुचवू का, गाडी तयार झाली की सगळे मिळून नान्नजच्या माळावर जाऊ. मोकळं मैदान, कुणी अडवत नाही, मस्त ऑफ-रोड होईल.

माळरान

तिथे नको मित्रा. नान्नज म्हणजे माळढोक अभयारण्य, १९७९ पासून. माळ मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा नसतो. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुधा एकच. धाविक, टिटवी, चंडोल सगळे जमिनीवरच घरटी करतात, काळवीट आणि लांडगा तिथेच राहतात. पावसाळ्यात, जेव्हा आपल्याला चिखल हवा असतो, नेमका तोच त्यांच्या विणीचा काळ. चाकाच्या दोन ओळी त्या गवतावर कितीतरी काळ राहतात. माझं टोपणनाव या माळावरूनच घेतलंय. गाडी शिकवायला आमच्या शेताची नांगरट आणि ओढा आहे, सगळे तिथे या.

जिप्सी_तेरा

हे माझ्या लक्षात नव्हतं, बरं झालं सांगितलंत. ओढ्यावर भेटू.

आरटीओ_वारी

कागदांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. तुमच्या गाडीचं नूतनीकरण थकलेलं असेल, ते आधी मिटवा. तपासणीला ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर चालू लागतील.

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला 'व्हीए' अक्षरांची मालिका आणि २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण तशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर. तुम्हाला शेतावर-गावात वापरायची आहे, तर साधं नूतनीकरणच बरं. तुमचा तीन अक्षरांचा जुना नंबर तसाच राहतो.

डिझेल टाकायचं ठरवणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि आरसी पुस्तकात इंधन बदलावं लागतं. तसं न करता चालवली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. बाजारात 'डिझेल टाकलेल्या' अर्ध्याअधिक जीपच्या पुस्तकात अजून पेट्रोलच लिहिलेलं असतं.

डिझेल_बार्शी

कलम ५२ चं मान्य, माझी मूळचीच डिझेल आहे म्हणून मी बचावलो. आता उन्हाळ्याचं बघू. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. पेट्रोल पाइपातच उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, कौतुकच आहे, पण १९६८ च्या रबराला ते कोण सांगणार?

स्टेपनी

मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि त्यावर उपाय आहेत. जुनं रबर इथेनॉलने फुगतं नि भुसभुशीत होतं, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या सुईचं टोक इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घ्या. पंपाचा पडदा विशेष महत्त्वाचा. तो फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्यायची सवय लावा, ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

इथेनॉल पाणी ओढतं आणि ते टाकीच्या तळाला बसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, एकतर भरलेली किंवा रिकामी. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ पडतं, इंजिन गरम चालतं आणि कार्बोरेटर खोकतो. मेन जेट एक पायरी मोठा करून प्लगचा रंग बघा. फिकट विटकरी हवा, पांढरट नको.

वाफेसाठी: या इंजिनात पेट्रोल पंप आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, गंमत तिथेच आहे. दोघांच्या मध्ये पत्र्याचा आडोसा बसवा, पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब न्या, कार्बोरेटरखाली मूळ जाड गॅस्केट आहे का बघा. अनेकांनी तिथे कागदी गॅस्केट टाकलेलं असतं.

कालवा_काका

आणि पाणी! बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षार इतके की वर्षात आत चुना धरतो. खात्यात असताना आम्ही पावसाचं पाणी कॅनमध्ये साठवून ठेवायचो. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मिळतं, ते वापरा. ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याची बुचं असतात, ती काढून आतला गाळ तारेने खरवडा, विशेषतः मागच्या चौथ्या सिलिंडरच्या बाजूला. गाळ सगळा तिथे जाऊन बसतो आणि पुढे पाणी कितीही बदललं तरी मागचा सिलिंडर तापतच राहतो. थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे, तसं करू नका. त्याशिवाय इंजिन नेमक्या तापमानाला येत नाही, थंड चालून लवकर झिजतं.

माळरान

बरेच दिवसांनी लिहितोय. काम एकाच वेळी चारही बाजूंनी चाललं होतं.

चौथ्या सिलिंडरमागून निघालेला गाळ ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा होता, घमेलंभर. तारेने, मग हवेने, मग पुन्हा तारेने. शेवटी बुचाच्या भोकातून टॉर्च मारला तर आतली सिलिंडरची भिंत दिसली, तेव्हा समाधान झालं. नवी बुचं पितळी टाकली.

मास्टर सिलिंडरला लेथवाल्यांनी स्लीव्ह घालून दिली, पाइप सगळे नवे. किंगपिनचे बेअरिंग बदलून शिम लावल्या आणि स्टिअरिंगचा पाव फेरा दोन बोटांवर आला, बॉक्सला हातही लावला नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळे केले. दोन्हींच्या मधलं सील गेलेलं होतं, एकातलं तेल दुसऱ्यात जात होतं, म्हणून गिअरबॉक्स कोरडा आणि ट्रान्सफर केस तुडुंब. गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगा चांगल्या निघाल्या. लेथवाल्यांच्या सांगण्यावरून गिअरबॉक्सला जीएल-४ ग्रेडचं ९० नंबर टाकलं, कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळाला खातात. इंजिनाला डिझेल गाडीचं १५डब्ल्यू-४०. त्यात झिंक जास्त असतं आणि या जुन्या टॅपेटला ते लागतं.

सुरू झाली तेव्हा पहिला आवाज काकांना फोनवर ऐकवला. ते म्हणाले, "टायमिंग थोडं मागे आहे, बघ." खरंच होतं, पाच अंश आधीच्या खुणेवर आणल्यावर आवाज बसला.

रंग अजून नाही. लाल ऑक्साइडच्या प्रायमरमध्येच सध्या ओढ्यापर्यंत जाते-येते.

डिझेल_बार्शी

आवाजाचा व्हिडिओ बघितला. सुरेख चालतेय, मनापासून सांगतो. फक्त एक विचारतो, दिवे मंद दिसतायत. बॅटरी कमी आहे का?

लेथ_एमआयडीसी

बॅटरी नसावी, अर्थिंगचा दोष असेल. बॉडी चासीवर रबरी पॅडवर बसते आणि आता मध्ये प्रायमरही आहे. दिव्यांचा करंट परत जायला वाटच नाही. इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी अशा दोन जाड पट्ट्या लावा, खालचा रंग घासून लोखंड उघडं करून. रंग देताना त्या जागा झाकून ठेवायला पेंटरला सांगा, नाहीतर पुन्हा हेच.

माळरान

पट्ट्या लावल्या, दिवे लख्ख. खारा_वारा, पेंटरला तुमची चुंबकाची परीक्षा आधीच सांगून ठेवली आहे. लांबी फक्त दोन पॅनेलच्या सांध्यावर, बाकी नाही. तो हसला, पण कबूल झाला.

हूडचं कापड कुणाला माहीत आहे का? ताडपत्री शिवणारे नायलॉनची कोटिंगवाली सुचवतात, पण मला जुन्यासारखी सुती कॅनव्हास हवी आहे, पावसाला मेण लावलेली.

कालवा_काका

सुतीच घे. नायलॉन आपल्या उन्हात तीन उन्हाळ्यांत तडकतं आणि आत भट्टी होते. शिवताना दोरा मात्र पॉलिस्टरचा, सुती दोरा शिवणीत आधी कुजतो. आणि कापड बसवायच्या आधी एकदा भिजवून वाळवायला सांग. आटायचं ते आधीच आटू दे, नंतर बटणं जुळत नाहीत.